औत, ओढ आणि वाफसा

श्रोतेहो, आमच्या देशावर एखाद्या घराची योग्यता सांगावयाची असली म्हणजे जुनी माणसे दोन प्रश्न विचारीत. जमीन किती, हा पहिला. आणि औते किती, हा दुसरा. जमिनीचा आकडा मोठा असून औत एकच असले, तर ऐकणारा मनातल्या मनात त्या घराची किंमत निम्म्यावर आणी. औत हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात नांगर आला, बैल आले, हाकणारा गडी आला, आणि एवढ्या सरंजामाने जेवढी जमीन वेळेवर कसून होईल तेवढी जमीनही आली. ओढण्याची शक्ती, ओढावयाचे अवजार आणि काम उरकण्याची मुदत या तीन गोष्टींचा मेळ आमच्या कुणब्याने या एका शब्दात घालून ठेविला होता. हा मेळ कसा बसविला गेला, कशाने मोडला आणि यंत्र आल्यावर तो पुन्हा कसा बसवावा लागला, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

या हकीकतीसाठी मी पाटस हे गाव निवडले आहे. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की यवत मागे पडते आणि दौंड येण्यापूर्वी पाटस लागते. रेल्वेने गेल्यास केडगाव आणि कडेठाण यांच्या पुढचे हे स्टेशन. भीमेच्या काठचा हा मुलूख भीमथडी म्हणून प्रसिद्ध आहे. भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या स्वाऱ्यांत केलेली चाकरी आपण इतिहासात वाचलीच असेल. परंतु ज्या जनावराने या मुलखाला खरोखर पोसले ते तट्टू नव्हे, बैल होय. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा येथे येतो; वर्षाकाठी सरासरी वीस इंचांच्या आसपास, आणि तोही पुष्कळसा भाद्रपद-आश्विनात. नदीच्या बाजूला काळी, भारी जमीन. माळाच्या बाजूला मुरमाड, हलकी. येथले जुने मुख्य पीक म्हणजे रब्बीची ज्वारी.

शहरात राहणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांना वाटेल, की पाऊस पडला म्हणजे पेरणी झाली. वस्तुस्थिती तशी नाही. काळी जमीन ओली असताना पायाला चिकटते, औताला चिकटते, आणि अशा वेळी तिला डिवचले तर वाळल्यावर तिची दगडासारखी ढेकळे होतात. उलट ती पार सुकली, तर तिला हातहात रुंद भेगा पडतात आणि लोखंडही तिच्यात शिरावयास कचरते. या दोन अवस्थांच्या मध्ये थोडे दिवस असे येतात, की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोट लावले तर तो सुटतो. याला शेतकरी वाफसा म्हणतो. हस्ताचा पाऊस उघडला आणि वाफसा आला, म्हणजे चार-सहा दिवसांत बी ओलीला लागलेच पाहिजे. तो आठवडा हुकला तर उगवण विरळ, ताटे खुरटी आणि वर्षभराची भाकर धोक्यात. शेतीतील शक्तीचा सर्व हिशेब या आठवड्याभोवती फिरतो. शक्ती किती आहे यापेक्षा वाफशाच्या दिवसांत ती किती जमिनीला पुरते, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचे उत्तर आमच्या पूर्वजांनी तीन अवजारांत वाटून दिले. पहिला नांगर. काळ्या जमिनीतला जुना लाकडी नांगर भला जड असे; त्याला चार, सहा, आठ आणि क्वचित त्याहूनही अधिक बैल जुंपीत. याचे कारण गणिताने सहज समजते. सुकलेल्या काळ्या मातीचा काप एक वीत खोल आणि त्याहून थोडा रुंद घेतला, म्हणजे पावणेचारशे चौरस सेंटिमीटरांचा होतो. आणि चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोहून थोडी अधिक ओढ धरली तरी एकंदर ओढ दोनशे किलोंच्या वर जाते. मध्यम खिल्लारी बैल दिवसभर टिकेल अशा बेताने ओढू लागला, तर आपल्या वजनाच्या दशांशाइतके किंवा किंचित अधिक ओढतो. म्हणजे एका जोडीची ओढ सत्तर-ऐंशी किलो. तेव्हा आठ बैल लागत, यात नवल ते काय?

येथे एक गंमत आहे. सहा बैल जुंपले म्हणजे सहापट ओढ मिळते असे नाही. कोणी पुढे झुकतो, कोणी मागे रेंगाळतो, दोर तिरपा ताणला जातो. जनावरांच्या कामाविषयी जी मापे सर्वसाधारणपणे दिली जातात त्यांप्रमाणे दोन जनावरे मिळून एकाच्या १.९ पट, चार मिळून ३.१ पट आणि सहा मिळून केवळ ३.८ पट काम देतात. जसजशी जोडी वाढवावी तसतसा तिचा उपयोग घटत जातो. म्हणूनच दरवर्षी नांगरट करण्याचा हव्यास आमचा शेतकरी धरीत नसे. काही वर्षांतून एकदा नांगर, आणि एरवी दरसाल कुळव, असा त्याचा बेत असे. कुळवाची पास माती उलथीत नाही, वरचा थर केवळ कापीत जाते; म्हणून तिला एक जोडी पुरते. पास पुरेशी रुतत नसली तर कुळवावर दगड ठेवावा किंवा घरातले पोर बसवावे, ही रीत सर्वत्र होती. वजन वाढविले की पकड वाढते आणि ओढही वाढते, हा यंत्रशास्त्राचा धडा ते पोर कुळवावर बसून शिकत असे.

तिसरे अवजार पाभर. माझ्या मते हे आमच्या शेतीतील सर्वांत बुद्धिमान अवजार होय. आडव्या दिंडाला दोन, तीन किंवा चार फण. प्रत्येक फणामागे वेळूची पोकळ नळी. नळ्यांची तोंडे वर एकत्र येतात तेथे लाकडी चाडे. चाड्यावर मूठ धरणारी बहुधा घरची बाई. तिच्या बोटांतून बी सारख्या गतीने सुटे, प्रत्येक नळीत सारखे वाटले जाई, आणि फणाने उघडलेल्या ओलीच्या थरात जाऊन पडे. बैल मंदावले आणि मूठ मंदावली नाही, तर तेथे बी दाट पडणार; बैल उधळले, तर विरळ. तेव्हा पाभरीला जोडी अशी हवी, की ओढ तिला सहज झेपावी आणि चाल सकाळपासून सायंकाळपर्यंत एकसारखी राहावी. जोडीला झेपेल त्याहून एक फण अधिक लावला तर चाल बिघडते. चाल बिघडली की पीक बिघडते. आज मोठमोठ्या पेरणीयंत्रांविषयी जे सांगतात त्याचे सार याहून वेगळे नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस हॅलकॉट नावाचा एक इंग्रज कॅप्टन दक्षिण हिंदुस्थानात होता. ओळीने बी पेरण्याचे अवजार म्हणजे युरोपातला नवा शोध, अशी त्याची समजूत होती. कारण इंग्लंडात जेथ्रो टलने तसले यंत्र १७०१ च्या सुमारास तयार केले होते. परंतु हिंदी कुणबी तसल्याच अवजाराने सर्रास पेरणी करीत असलेला पाहून तो चकित झाला, आणि ही हकीकत त्याने विलायतेच्या शेतकी मंडळाला आवर्जून कळविली. पुढे १८८९ ते १८९१ पर्यंत डॉ. व्होएल्कर हे रसायनशास्त्रज्ञ सरकारच्या विनंतीवरून देशभर हिंडले. हिंदी शेतकरी अडाणी आहे असे सरसकट म्हणणे चूक आहे, त्याच्यापाशी उणीव आहे ती साधनांची, असा त्यांच्या १८९३ च्या अहवालाचा एकंदर रोख आहे.

आता पाभरीवरून औताचे माप काढून पाहू. एक एक फूट अंतरावर चार फण असले तर पाभरीची रुंदी चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर. बैलांची चाल ताशी तीन किलोमीटर. वळणे, विसावा आणि बी भरणे यांत एकचतुर्थांश वेळ गेला असे धरले, तर सात तासांच्या कामात चार-साडेचार एकर जमीन पेरून होते. वाफसा पाच दिवस टिकला तर वीस एकर, सहा दिवस टिकला तर पंचवीस. म्हणजे कोरडवाहू मुलखात एका औताची जमीन ज्याला म्हणावयाची ती या हिशेबाने वीस-पंचवीस एकरांच्या घरात येते. नांगराची बळकटी, कुळवाची पास, पाभरीचे फण आणि शेताची मर्यादा ही सारी एका बैलजोडीच्या मापाने कापलेली होती.

असा हा मेळ होता. परंतु तो फार नाजूक होता. बैल मेला की सर्वच कोसळे. १८७६-७७ चा दुष्काळ या भागाने पाहिला; १८९६-९७ चा पाहिला; १८९९-१९०० चा पाहिला. प्रत्येक दुष्काळात माणसांआधी दावणी ओस पडल्या. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी पाभर ओढावयास जनावर नाही, अशी स्थिती. मग सावकाराकडे जावे, बैलासाठी कर्ज काढावे आणि जमीन गहाण टाकावी. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्ध उठलेल्या दंग्याची पहिली ठिणगी पाटसपासून फार दूर नसलेल्या सुपे गावच्या बाजारात पडली. त्यामागे कर्जाची अनेक कारणे होती. पण १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा त्यातूनच आला, हे खरे. दिवाणी व्यवहाराच्या १९०८ च्या कायद्यातील साठाव्या कलमाने तर शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेस आवश्यक तेवढी गुरे व बियाणे जप्तीतून वगळली आहेत. गुरे, अवजार आणि बी यांचा संच तोडला तर माणूसच मोडतो, एवढे कायद्यालाही उमगले होते.

परंतु कायद्याच्या पुष्कळ आधी गावानेच यावर तोड काढली होती. ज्याच्यापाशी एकच बैल असे तो दुसऱ्या एकबैल्या शेजाऱ्याशी सावड करी. दोन दिवस तुझे, दोन दिवस माझे. आणि ज्याचे काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असे तो इर्जिक घाली. गावातली औते एका दिवशी त्याच्या शेतात उतरत, सायंकाळपर्यंत रान मोकळे होई, आणि धनी सर्वांना जेवू घाली. मजुरीचा शब्द निघत नसे. श्रोतेहो, आज आपण ज्याला यंत्रसामग्रीची सामायिक मालकी म्हणतो, ती इर्जिकीने आणि सावडीने कित्येक पिढ्या सांभाळली. एका घराला आठ बैल परवडत नसत, पण गावाला परवडत.

पुढे दुसरे संकट आले, आणि ते दुष्काळासारखे दिसत नव्हते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची बारकाईने पाहणी करून १९१७ मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी काढलेले आकडे प्रसिद्धच आहेत. १७७१ मध्ये त्या गावी सरासरी धारण चाळीस एकरांची होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली. आणि १९१४-१५ मध्ये केवळ सात एकरांवर. मग श्री. कानिटकर यांच्या साहाय्याने त्यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव घेतले आणि १९२१ मध्ये दुसरे पुस्तक काढले. हा अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. औताचे माप वीस-पंचवीस एकर आणि जमीन सात एकर, तीही तुकड्यातुकड्यांत. म्हणजे बैलजोडी वर्षातला पुष्कळ काळ दावणीला उभी राहून वैरण खाणार. शक्ती फार आणि जमीन थोडी, असा हा उलटा बिघाड होय. पुढे १९४७ मध्ये मुंबई इलाख्यात तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा झाला, तो याच दुखण्यावर. ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत बुडून गेले आहे. तेथे आता धारणेचे माप चौरस फुटांत होते.

अवजारांच्या बाजूने पहिला मोठा पालट लोखंडी नांगराने केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास १९०३ मध्ये आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा ग्रह होता. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथून देशभर लोखंडी नांगर जाऊ लागले. लोखंडी फाळ तास उलथून टाकतो आणि हरळीची मुळे वर आणतो. लाकडी नांगराला ते साधत नसे. पण येथेही शक्तीचा प्रश्न सुटला नाही. खोल नांगरट हवी तर मोठा नांगर हवा, आणि मोठ्या नांगराला पुन्हा तीन-चार जोड्या हव्यात. इकडे खडकवासल्याचे धरण बांधून जो मुठा उजवा कालवा निघाला तो हडपसर, यवतवरून या पाटसच्या बाजूला उतरला होता. बागायत आली, ऊस आला. उसाला खोल रान लागते. पाणी आले, पण ते रान उकरावयास पुरेसे बळ दावणीला नव्हते.

युरोपात या प्रश्नाला वाफेचे उत्तर मिळाले होते. त्यातली युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाफेचे इंजिन दहा-दहा टनांचे. ते शेतात घातले तर चिखलात रुतणार आणि शेताचीही माती करणार. तेव्हा जॉन फाउलर या इंग्रजाने ते बांधावरच उभे केले. पुढे दोन बांधांवर दोन इंजिने उभी राहू लागली, मध्ये पोलादी दोर, आणि दोराला बांधलेला नांगर इकडून तिकडे खेचला जाऊ लागला. इंजिनाची चाके शेतात जातच नसत, म्हणून पकडीचा प्रश्नच उद्भवत नसे. परंतु असला सरंजाम मोठ्या मळेवाल्यांनाच परवडणारा. सात एकरांच्या धन्याला तो दुरून पाहण्यापलीकडे गती नव्हती.

मग तेलावर चालणारा ट्रॅक्टर आला. त्याची शक्ती अश्वशक्तीत सांगू लागले. हे माप जेम्स वॅटने बसविले. एका सेकंदात पंचाहत्तर किलो वजन एक मीटर उचलणे म्हणजे सुमारे एक अश्वशक्ती. आपली बैलजोडी ऐंशी किलोंची ओढ ताशी तीन किलोमीटर चालीने देते, तेव्हा तिची शक्ती जवळजवळ एक अश्वशक्तीच भरते. मग पंधरा-वीस अश्वशक्तींचा ट्रॅक्टर पंधरा-वीस जोड्यांचे काम करील, असे कोणालाही वाटावे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही तसेच वाटले, आणि कित्येक फसले. इंजिनाच्या पट्ट्यावर मिळणारी शक्ती वेगळी, आणि मागच्या दांड्याला अवजार बांधून शेतात प्रत्यक्ष मिळणारी शक्ती वेगळी. म्हणून नेब्रास्का संस्थानाने १९१९ मध्ये कायदा केला, की आमच्याकडे ट्रॅक्टर विकावयाचा तर तो आधी आमच्या परीक्षेस उतरला पाहिजे. १९२० पासून या परीक्षा सुरू झाल्या आणि दोन्ही शक्तींचे आकडे गिऱ्हाइकापुढे ठेवण्यात येऊ लागले.

हा फरक कोठे जातो? तो चाक आणि माती यांच्या मध्ये जातो. रेल्वेचे इंजिन पाहा. त्याच्यात बळ कितीही असले तरी ओढणाऱ्या चाकांवर पुरेसे वजन नसेल तर चाके जागीच फिरू लागतात. म्हणून घाटात रुळांवर वाळू टाकतात. शेतात तर रूळही नाहीत. भुसभुशीत रानात चाकांवरच्या वजनाच्या चार-पाच दशांशांइतकीच ओढ समाधानाने मिळते. त्याहून जास्त मागितली की चाक घसरते, तेल जळते आणि खाली गुळगुळीत चर पडतो. घसर अजिबात नसणेही बरे नव्हे. ते फाजील वजनाचे लक्षण असते, आणि ते वजन वाहून नेण्यात तेल जाते व माती दबते. शेकडा दहा-पंधरापर्यंत घसर असावी, हे जाणत्यांचे माप आहे.

पकडीचा हा प्रश्न सोडविण्यातच ट्रॅक्टरचा पुढचा इतिहास गेला. अमेरिकेत होल्टने १९०४ मध्ये चाकांऐवजी पट्टे लावून पाहिले. हेन्री फोर्डचा १९१७ चा फोर्डसन स्वस्त आणि हलका होता. पण मागे अडकविलेले अवजार एखाद्या मुळाला अटकले, की तो पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर पालथा होई, आणि माणसे प्राणास मुकत. १९३२ मध्ये लोखंडी चाकांऐवजी हवेची रबरी चाके लावलेला ट्रॅक्टर अमेरिकेत विकावयास आला. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने तीन दांड्यांची अशी जोडणी बसविली, की अवजाराची ओढच मागच्या चाकांवर दाब देऊ लागली. त्याची ही युक्ती १९३६ पासून बाजारात आली आणि आज आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे ती दिसते. कुळवावर बसलेल्या पोराचे काम फर्ग्युसनने लोखंडाकडून करून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात सरकारी बळाने ट्रॅक्टर उतरले ते महायुद्धानंतर. अमेरिकन फौजेने मागे ठेविलेली यंत्रे घेऊन १९४७ मध्ये मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने गिळलेली जमीन खोल नांगरून मोकळी करणे हे तिचे मुख्य काम. यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्जही मिळाले. तरी १९५१ मध्ये सबंध देशात ट्रॅक्टर साडेआठ हजारांच्या आसपासच होते. देशातच ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते १९५९ पासून, आणि नंतरच्या पिढीत पाटसच्या शिवारातून बैलांचा आवाज हळूहळू कमी होत गेला.

आता यंत्राचे टोक पाहू. अमेरिकेच्या मक्याच्या मुलखात सोळा ओळींचे पेरणीयंत्र ही साधी गोष्ट आहे. अठ्ठेचाळीस ओळींचीही यंत्रे आहेत. सोळा ओळी अडीच-अडीच फुटांवर, म्हणजे यंत्राची रुंदी चाळीस फूट. तयार रानात बी आणि खत एकदम पेरावयाचे तर दर ओळीस सुमारे एकशेसाठ किलो ओढ धरतात. सोळा ओळींना अडीच हजार किलोंच्या वर. ताशी आठ किलोमीटर चालीला दांड्यावर शहात्तर अश्वशक्ती लागते. भुसभुशीत रानात इंजिनाच्या शक्तीचा निम्म्याहून थोडा अधिक भागच दांड्यापर्यंत पोचतो, तेव्हा इंजिन एकशेचाळीस अश्वशक्तींचे हवे. शिवाय बी उचलणारा पंखा आणि तेलाचा दाब यांसाठी वेगळी शिल्लक. पण शक्तीहून मोठी अट वजनाची आहे. अडीच हजार किलो ओढावयाचे तर ओढणाऱ्या चाकांवर सहा-साडेसहा टन वजन पाहिजे. ते नसेल तर दोनशे अश्वशक्तीही जागीच गरगरेल. म्हणूनच तेथे चारही चाकांनी ओढणारे ट्रॅक्टर, जोडचाके, लोखंडी वजने आणि चाकांत भरलेले पाणी हा सारा खटाटोप असतो. असे यंत्र तासाला पंधरा एकर पेरते. डॉ. मॅन यांच्या सात एकरांच्या धन्याची जमीन अर्ध्या तासात संपली. परंतु चाळीस फुटांचे यंत्र त्याच्या तुकड्यात वळणार कोठे?

हेच गणित पाटसच्या रानात आणून पाहा. चार ओळींच्या यंत्राची ओढ साडेसहाशे किलो. ताशी सहा किलोमीटर चालीला दांड्यावर चौदा अश्वशक्ती, म्हणजे इंजिन पंचवीस-तीस अश्वशक्तींचे. आणि चाकांवर दीड टनाच्या आसपास वजन. यंत्र उचलून वळविण्याची सोय आणि थोडी शिल्लक धरली, तर पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तींचा साधा ट्रॅक्टर त्याला नेमका पुरतो. महाराष्ट्रात खरिपाच्या पिकांसाठी रुंद वरंबा पाडून पेरणाऱ्या यंत्रांचा शेतकी खात्याने जो प्रसार केला, तीही याच मापाची आहेत. परंतु ट्रॅक्टर घेताना शेतकरी पेरणीचा हिशेब क्वचितच करतो. या भागात उसाची वाहतूक मोठी. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. डांबरी सडकेवर दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर शेतातही तितकाच ओढील, अशी समजूत होते. सडकेवर चाक धरते, रानात घसरते. आणि उसाच्या ओझ्यासाठी घेतलेले जड यंत्र वाफसा येण्याआधी घाईने रानात घातले, तर खालचा थर असा दबतो, की पुढील वर्षी त्याच शेतकऱ्याला तो फोडण्यासाठी आणखी मोठ्या ट्रॅक्टरचे भाडे मोजावे लागते. जड चाकाने केलेले दुखणे अधिक जड चाकाने बरे करावयाचे, अशा या चक्रात पैसा जातो आणि जमीनही जाते.

यात एक दुःखाची बाजू आहे, ती सांगितल्याखेरीज हा इतिहास पुरा होणार नाही. बैलजोडी गेली तेव्हा सावडही गेली. वाफशाच्या आठवड्यात गावातल्या सर्वांनाच एका दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो. ज्याची जमीन मोठी, ज्याचा बांध रस्त्याला लागून, त्याच्याकडे तो आधी जातो. आडरानातल्या दोन एकरांच्या विधवेचा क्रम शेवटी लागतो, आणि तोवर ओल खाली गेलेली असते. यंत्र वेगवान आहे. पण ज्याच्या वाट्याला ते उशिरा येते त्याला त्या वेगाचा काय उपयोग? पूर्वी तिच्या शेतात इर्जिकीची औते उतरली असती. यंत्राने ओढ वाढविली, माणसामाणसांतली पकड मात्र सैल झाली.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. सामायिक मालकी ही आम्हांला परकी कल्पना नव्हे. अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आज सहकाराने आणि सरकारी मदतीने निघत आहेत. ती चालवावयाची तर दोन गोष्टी ठरवून घेतल्या पाहिजेत. पहिली, यंत्राचे माप गावच्या तुकड्यांवरून आणि वाफशाच्या दिवसांवरून काढावे. बाजारातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून काढू नये. एका पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने दोन मीटर रुंदीची पेरणी धरली तर दिवसाला दहा एकर होतात. सहा दिवसांत साठ. म्हणजे जुन्या औताच्या अडीच-तीन पट. सहाशे एकर पेरावयाचे असतील तर असे दहा ट्रॅक्टर पाहिजेत. एकच अवाढव्य यंत्र आणून ते काम व्हावयाचे नाही. दुसरी गोष्ट, पाळी ठरविताना लहान तुकड्याचा आणि हलक्या जमिनीचा विचार आधी व्हावा; कारण हलकी जमीन आधी सुकते. हा नियम इर्जिक घालणाऱ्यांना कोणी शिकविला नव्हता.

श्रोतेहो, आपण शहरात राहतो, आणि ज्वारीची भाकरी आपल्या ताटात येते. आश्विनात कधी सोलापूरच्या गाडीने जाण्याचा योग आला, तर केडगाव सुटल्यावर खिडकीबाहेर पाहावे. ओळी सरळ, सारख्या आणि दाट उगवलेल्या दिसल्या, तर समजावे, की तेथे ओढणारा आणि ओढावयाचे यांचा मेळ बसला आणि वाफसा साधला. मध्येच पट्टेच्या पट्टे मोकळे दिसले, तर तेथे कोणाचा तरी क्रम उशिरा लागला असावा. औते किती, हा जुना प्रश्न आज कोणी विचारीत नाही. पण तुझ्या रानाला वाफशात यंत्र मिळाले का, एवढे तरी आपण विचारावयास शिकले पाहिजे.